मोठ्यांचा बॅक्टेरियल न्यूमोनिया : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूमोनिया म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर छाती उडणारं तान्हं बाळ येतं. मोठ्यांच्या वॉर्डात खाटांवर दिसतात ते साठी, सत्तरी, ऐंशीतले लोक. अधूनमधून एखादा पस्तिशीचाही असतो, 'साधा ताप आहे' म्हणत चार दिवस कामावर जात राहिलेला. त्यांचे नातेवाईक खाटेच्या कडेला उभं राहून जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत.

बॅक्टेरियल न्यूमोनियात फुफ्फुसात नेमकं होतं काय?

फुफ्फुसात सरासरी ४८ कोटी हवेचे चिमुकले फुगे असतात, त्यांना वायुकोश म्हणतात. त्यांची भिंत इतकी पातळ असते की एका बाजूची हवा आणि दुसऱ्या बाजूचं रक्त जवळजवळ चिकटूनच असतात. या फुग्यांत जंतू उतरले की शरीर त्यांच्यावर पांढऱ्या पेशी सोडतं आणि आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांतून पाणी व प्रथिनं झिरपतात. म्हणजे फुगे भरतात ते निव्वळ जंतूंनी नव्हे, आपल्याच फौजेने.

निरोगी फुफ्फुसाचा तुकडा पाण्यावर तरंगतो. न्यूमोनियाने भरलेला तुकडा बुडतो, आणि हाताला स्पंजासारखा न लागता यकृतासारखा घट्ट लागतो. जुन्या शवविच्छेदन करणाऱ्यांनी या अवस्थेला यकृतावरूनच नाव दिलं होतं. डॉक्टर पाठीवर बोट ठेवून टकटक करतात ते हेच ऐकण्यासाठी: पोकळ आवाज येतो की भरीव. एक्स-रेवर जो 'पॅच' दिसतो, तोही हाच भरलेला भाग.

हे जंतू येतात कुठून?

बहुतेक वेळा आपल्याच नाकाघशातून. न्यूमोकोकस नावाचा जंतू कित्येकांच्या घशात काही न करता मुक्काम ठोकून असतो. झोपेत लाळेचे बारीक थेंब श्वासनलिकेत जातात, सगळ्यांचेच जातात. खोकला, श्वासनलिकेतली झाडलोट करणारी केसाळ पेशींची फळी आणि फुफ्फुसातल्या पहारेकरी पेशी त्यांचा बंदोबस्त करतात. या तिन्हींपैकी एखादी ढिली पडली की मुक्कामाला आलेला पाहुणा घर बळकावतो.

कोणकोणते जंतू यात असतात?

पहिला मान अजूनही न्यूमोकोकसचाच. १८८१ मध्ये फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग या दोघांना तो एकमेकांच्या नकळत सापडला. जंतू रंगवून ओळखण्याची, प्रयोगशाळेत आजही रोज वापरली जाणारी ग्रॅमची रंगपद्धतही न्यूमोनियामुळेच मिळाली: हान्स क्रिश्चन ग्रॅम १८८४ मध्ये बर्लिनमध्ये न्यूमोनियाने गेलेल्यांच्या फुफ्फुसाचे काप तपासत होता, त्यातून ती हाती आली.

बाकी हिमोफिलस, स्टॅफिलोकोकस, क्लेब्सिएला आणि मायकोप्लाझ्मा. लिजिओनेला हा पाण्याच्या टाक्या, कूलिंग टॉवर अशा ठिकाणी वाढणारा जंतू. १९७६ मध्ये फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या अधिवेशनानंतर एकामागून एक माणसं न्यूमोनियाने दगावली. कारण काही केल्या सापडेना. जंतू हाती लागला तो थेट पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला. त्या माजी सैनिकांच्या संघटनेवरूनच त्याचं नाव पडलं.

जगभरात हे ओझं किती आहे?

जागतिक रोगभार अभ्यासाच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये फुफ्फुसाच्या संसर्गाचे सुमारे ३४ कोटी ४० लाख प्रसंग घडले आणि त्यांत सुमारे २१ लाख ८० हजार माणसं गेली. त्यातली पाच वर्षांखालची मुलं साधारण ५ लाख. म्हणजे चारात तीनहून जास्त मृत्यू मोठ्या मुलांचे आणि प्रौढांचे, त्यातही वृद्धांचे. या बेरजेत विषाणूही धरलेले आहेत. एकट्या न्यूमोकोकसच्या नावावर अंदाजे ५ लाख मृत्यू आहेत.

बालमृत्यू कमी झाले ही आनंदाची गोष्ट आहे. पण लोकसंख्या म्हातारी होत चालली, तसा हा आजार पाळण्याकडून आरामखुर्चीकडे सरकला आणि आपल्या मनातलं चित्र मात्र तिथेच राहिलं.

वय वाढलं की धोका किती वाढतो?

अमेरिकेत शिकागो आणि नॅशव्हिल इथे २०१० ते २०१२ या काळात याची काटेकोर मोजणी झाली. दर वर्षी १०,००० प्रौढांमागे सुमारे २५ जण न्यूमोनियासाठी रुग्णालयात भरती झाले. ६५ ते ७९ वयोगटात तोच आकडा ६३ होता, आणि ८० च्या पुढे १६४. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला पंचेचाळिशीतल्या माणसाच्या मापाने मोजू नये, ते यासाठी.

वयाने खोकल्याचा जोर कमी होतो, गिळण्याची क्रिया मंदावते, पांढऱ्या पेशींना जंतू ओळखायला वेळ लागतो. शिवाय वयासोबत मधुमेह, हृदयविकार, दमा, किडनीचे आजार आलेले असतात. प्रत्येकाचा वाटा थोडा थोडा, बेरीज मोठी.

हे आकडे खरे धरायचे का?

कमी आहेत असं समजून धरायचे. त्याच अमेरिकी अभ्यासात सगळ्या तपासण्या करूनही फक्त ३८ टक्के रुग्णांत जंतू किंवा विषाणू सापडला. बाकीच्यांना न्यूमोनिया होता, एक्स-रेवर दिसत होता, पण गुन्हेगार हाती लागला नाही. आणि ही झाली सगळी साधनं हाताशी असलेली जागा. रोजच्या कामात रुग्ण येतो तोवर दोन दिवस कुठली तरी अँटिबायोटिकची गोळी पोटात गेलेली असते. कफ द्या म्हटलं की थुंकी येते. कल्चर, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून बघायची तपासणी, कोरं येतं, आणि कागदावर 'बॅक्टेरियल' हा शब्द उमटतच नाही.

दुसरी गोम मृत्यूच्या दाखल्यात असते. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली व्यक्ती शेवटी न्यूमोनियाने जाते, दाखल्यावर पक्षाघात लिहिला जातो. न्यूमोनियातून उठून महिन्याभरात हृदयविकाराचा झटका आला, तर नोंद हृदयाच्या खात्यात होते. हे लिहिणं चूक असतं असं नाही. पण न्यूमोनियाच्या वहीत ते कधीच चढत नाही.

धडधाकट तरुण माणसाला होतो का?

होतो. सिगारेट ओढणाऱ्याला तर नक्कीच जास्त. प्रतिकारशक्ती ठीक असलेल्या १८ ते ६४ वयाच्या लोकांत सिगारेट ओढणाऱ्यांना रक्तात शिरणाऱ्या न्यूमोकोकसचा धोका न ओढणाऱ्यांच्या साधारण चौपट आढळला आहे. दारूचं व्यसन, एचआयव्ही, प्लीहा काढलेली असणं, केमोथेरपी, दीर्घकाळ स्टिरॉइड घेणं, हीही मोठी कारणं.

दम्यासारख्या जुनाट श्वासविकारात काहींना स्टिरॉइडचा पंप दिलेला असतो, त्याने न्यूमोनियाची शक्यता थोडी वाढते. म्हणून मनानेच पंप बंद करू नका. तो बंद केल्याने होणारा घोळ बहुधा जास्त महागात पडतो.

थंड पाणी प्यायल्याने, पंख्याखाली झोपल्याने न्यूमोनिया होतो का?

नाही.

आणि फ्लू झाल्यावर?

हो, हे खरं कारण आहे. विषाणू श्वासनलिकेची आतली फळी खरवडून टाकतो आणि जंतूंना वाट मोकळी होते. १९१८ च्या साथीत मेलेल्यांच्या जतन केलेल्या फुफ्फुसांचे नमुने नंतर पुन्हा तपासले, तेव्हा बहुतेकांत बॅक्टेरियल न्यूमोनियाच दिसला. ओळखायची खूण अशी: फ्लू उतरणीला लागतो, एक-दोन दिवस बरं वाटतं आणि मग ताप नव्याने चढतो, कफाचा रंग बदलतो, धाप लागते. ताप उतरून पुन्हा चढला, तर वाट बघत बसायचं नाही.

म्हाताऱ्या माणसात ओळखायचा कसा? आमच्या वडिलांना तर तापच नव्हता.

मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच. आणि विचारणाऱ्याच्या आवाजात नेहमी एक अपराधीपणा असतो.

पुस्तकातला न्यूमोनिया म्हणजे हुडहुडी भरून ताप, श्वास घेताना बरगडीत कळ, गंजासारखा तांबूस कफ. ऐंशीच्या माणसाला यातलं काहीच नसू शकतं. घरचे सांगतात ते असं: कालपासून जेवले नाहीत, बाथरूमकडे जाताना पडले, रात्री भलतंच काहीतरी बडबडत होते, मला ताई म्हणून हाक मारली. खोकला? विशेष नाही. ताप? अंग तर गार होतं.

अशा वेळी एक गोष्ट घरच्या घरी करता येते. त्यांना न सांगता, घड्याळ समोर धरून, छाती किंवा पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, चूक होते. आणि 'मी श्वास मोजतोय' असं सांगितलं की माणूस लगेच वेगळा श्वास घ्यायला लागतो. शांत पडलेल्या प्रौढाचा श्वास साधारण १२ ते २० असतो. २४-२५ च्या पुढे गेला की त्याच दिवशी डॉक्टरकडे. ३० झाला की थेट रुग्णालय. बोटाचा ऑक्सिमीटर असेल तर उत्तमच, पण बोट गार असलं की तो थापा मारतो. श्वासाची मोजणी मात्र सहसा फसवत नाही.

घरी उपचार की भरती, हे कशावर ठरतं?

डॉक्टरांच्या डोक्यात एक साधी पाच गुणांची मोजणी असते, तिला कर्ब-६५ म्हणतात. भ्रमिष्टपणा, रक्तातला युरिया ७ मिलिमोलच्या वर, श्वास मिनिटाला ३० किंवा जास्त, रक्तदाब वरचा ९० च्या खाली किंवा खालचा ६० किंवा त्याहून कमी, आणि वय ६५ किंवा जास्त. प्रत्येकाला एक गुण. शून्य किंवा एक असेल तर बहुधा घरी भागतं, दोनला भरतीचा विचार होतो, तीन किंवा जास्त म्हणजे आजार गंभीर.

या गणितात एक गोष्ट नाही: घरी पाणी द्यायला, वेळेवर गोळी द्यायला, रात्री लक्ष ठेवायला कोणी आहे का? एकटी राहणारी बाई एका गुणावरही भरती करावी लागते. उलट, गुण कमी आहेत पण ऑक्सिजन ९० च्या खाली आहे, अशा माणसाला घरी पाठवायचं नसतं.

अँटिबायोटिक असताना लोक मरतात कसे?

अँटिबायोटिक जंतू मारतं. भरलेले वायुकोश रिकामे करणं, थकलेलं हृदय सांभाळणं हे त्याचं काम नाही.

तरी औषधांनी चित्र किती बदललं ते विसरू नये. डिसेंबर १९४३ मध्ये ६९ वर्षांचे विन्स्टन चर्चिल उत्तर आफ्रिकेत न्यूमोनियाने पडले. पेनिसिलिनने त्यांना वाचवलं ही लोकप्रिय कथा खरी नाही. त्यांना दिलं गेलं ते सल्फा गटातलं औषध. त्याच्या पंचवीसेक वर्षं आधी, १९१९ च्या अखेरीस, विल्यम ऑस्लर न्यूमोनियाच्या दुखण्याने आणि छातीत झालेल्या पूमुळे वारले होते. आपल्या काळातले सर्वांत नावाजलेले वैद्य, पण हाताशी अशी गोळी नव्हती.

औषध उशिरा सुरू झालं, चुकीचं निवडलं किंवा जंतू त्याला जुमानेनासा झाला, तर मात्र परिस्थिती हाताबाहेर जाते. प्रतिकारक जंतूंचा सगळ्यात मोठा फटका कुठल्या अवयवाला बसतो? फुफ्फुसाला. २०१९ च्या जागतिक मोजणीत, प्रतिकारक जंतूंशी संबंधित मृत्यूंपैकी १५ लाखांहून जास्त मृत्यू फुफ्फुसाच्या संसर्गाचे होते.

किती दिवस अँटिबायोटिक घ्यायचं?

साध्या न्यूमोनियात, दोन-तीन दिवसांत ताप उतरून माणूस सावरला असेल, तर पाच दिवस बहुधा पुरतात. दहा-चौदा दिवसांचा जुना रिवाज आता राहिलेला नाही. लिजिओनेला, स्टॅफिलोकोकस, छातीत पू झालेला असेल तर जास्त दिवस लागतात. डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस घ्यायचे, आणि मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या पुढच्या खोकल्याला वापरायच्या नाहीत. नावात 'फ्लॉक्सासिन' असलेल्या गोळ्या तर अजिबात नाहीत: क्षयरोग असेल तर त्या तो तात्पुरता दाबतात आणि निदान काही आठवडे लांबवतात.

गंभीर रुग्णाला स्टिरॉइड देतात ते बरोबर आहे का?

अतिदक्षता विभागातल्या काही रुग्णांना, हो. २०२३ मध्ये फ्रान्समधल्या चाचणीत गंभीर न्यूमोनियाच्या रुग्णांना हायड्रोकॉर्टिसोन दिल्यावर २८ दिवसांतले मृत्यू ११.९ टक्क्यांवरून ६.२ टक्क्यांवर आले. फ्लूमुळे झालेल्या न्यूमोनियाला हा नियम लागू नाही. साध्या न्यूमोनियालाही नाही.

ताप गेला, मग थकवा का जात नाही?

दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं, ही म्हण न्यूमोनियाला अक्षरशः लागू पडते. ब्रिटनमध्ये रुग्णांना सांगितलं जाणारं साधारण वेळापत्रक असं आहे: ताप एका आठवड्यात जायला हवा. छातीतलं दुखणं आणि कफ चार आठवड्यांत बराच कमी होतो. खोकला आणि धाप सहा आठवड्यांत. तीन महिन्यांनी बाकी सगळं गेलं तरी थकवा राहू शकतो. पूर्ववत व्हायला बहुतेकांना सहा महिने लागतात.

हे भरतीच्या पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं पाहिजे. सांगितलं जात नाही, आणि मग दुसऱ्या आठवड्यात जिना चढून धापणारा माणूस स्वतःला आळशी समजायला लागतो, किंवा घरचे समजायला लागतात.

रुग्णालयातून सुखरूप घरी आले. आता धोका टळला ना?

या आजाराचा अर्धा हिशेब इथे दडलेला आहे. अमेरिकेतल्या लुइव्हिल शहरात न्यूमोनियाने भरती झालेल्या प्रौढांचा वर्षभर माग काढला. रुग्णालयात असताना ६.५ टक्के लोक गेले. तीस दिवसांपर्यंत आकडा १३ टक्के झाला, सहा महिन्यांत २३.४, आणि वर्षअखेर ३०.६. भरती झालेल्या दर तिघांतला जवळजवळ एक जण वर्षभरात नव्हता, आणि त्यातले बहुतेक 'बरे होऊन' घरी गेलेले होते.

सगळे मृत्यू न्यूमोनियानेच झाले असं यातून म्हणता येत नाही. न्यूमोनिया होतो तोच मुळात खंगलेल्या माणसाला. पण तो निव्वळ साक्षीदारही नसतो. त्या दिवसांत रक्त गोठण्याची वृत्ती वाढते, हृदयावर ताण येतो, ठोके अनियमित होतात. हृदयविकाराचा धोका पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त असतो आणि पुढे काही वर्षं सर्वसामान्यांपेक्षा वरच राहतो. आठवडाभर खाटेवर पडलेल्या वृद्धाच्या मांड्यांचे स्नायू झरझर आटतात, मग तोल जातो, मग पडणं, मग हाड मोडणं.

म्हणून घरी आल्यावरचा पहिला महिना आजारपणातच धरावा. छातीत दुखणं, पायावर सूज, रात्री उशाला जास्त उश्या लागणं, यातलं काही झालं तर 'अजून अशक्तपणा आहे' म्हणून सोडून देऊ नये. हृदयाच्या, रक्तदाबाच्या ज्या गोळ्या भरतीत थांबवल्या होत्या त्या कधी सुरू करायच्या, हे घरी सोडतानाच विचारून कागदावर लिहून घ्यावं. मी पाहिलेल्या पुन्हा भरतींपैकी कित्येक या एका ओळीच्या अभावी झालेल्या आहेत.

घरातल्या लोकांवरचं ओझं कुणी मोजतं का?

क्वचितच. कामाचे बुडालेले दिवस तरी कुठे कुठे मोजले जातात. रात्री तीनला उठून पाठीला उशी लावणारी सून किंवा मुलगा कुठल्याच तक्त्यात येत नाही. आधी स्वतःची कामं स्वतः करणारी आई आता अंघोळीला माणूस शोधते, हेही नाही.

लस कोणी घ्यावी? एकच लस आहे का?

न्यूमोकोकसचे शंभराहून जास्त उपप्रकार आहेत. लसी त्यातल्या निवडक प्रकारांवर चालतात, त्यांच्या नावातले १३, १५, २०, २१, २३ हे आकडे तेच सांगतात. ६५ वर्षांवरच्यांनी घ्यावी हा सल्ला बऱ्याच देशांत आहे. अमेरिकेने २०२४ मध्ये वय ५० वर आणलं. मधुमेह, हृदय-फुफ्फुस-किडनीचे जुने आजार, प्लीहा नसणं, प्रतिकारशक्ती कमी असणं, अशांनी वयाची वाट बघू नये. कुठली घ्यायची ते आधी काय घेतलंय यावर ठरतं.

उपयोग किती? नेदरलँड्समध्ये ६५ वरच्या सुमारे ८४,५०० लोकांवर १३ प्रकारांच्या लसीची चाचणी झाली. लसीतल्या प्रकारांमुळे होणारा न्यूमोनिया सुमारे ४५ टक्क्यांनी घटला, त्याच प्रकारांचा रक्तात पसरणारा आजार ७५ टक्क्यांनी. पण कुठल्याही कारणाने होणारा एकूण न्यूमोनिया लक्षणीय घटला नाही. लस घेतली की न्यूमोनिया होणारच नाही, असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. सगळ्यात घातक जंतूंपैकी एकाची धार ती बोथट करते. सोबत दर वर्षी फ्लूची लसही घ्यावी.

एक गंमत: २००० साली अमेरिकेत तान्ह्या मुलांना न्यूमोकोकसची लस द्यायला सुरुवात झाली, आणि पुढच्या काही वर्षांत लस न घेतलेल्या आजी-आजोबांतही त्या प्रकारांचा आजार घटला. नातवंडांच्या नाकातून जंतू येणं थांबलं.

लसीखेरीज काय करता येतं?

सिगारेट सोडणं. साखर आटोक्यात ठेवणं. आणि दात घासणं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या तोंडात जे साचतं तेच झोपेत खाली उतरतं, त्यामुळे रोज दोनदा दात, जीभ, कवळी साफ केल्याने न्यूमोनिया कमी होतो. भरवताना बसतं करून, हनुवटी जरा खाली ठेवून भरवावं आणि नंतर अर्धा तास आडवं करू नये.

रुग्णाजवळ बसल्याने आपल्याला होतो का?

सहसा नाही. जंतू पसरू शकतो, पण तो निरोगी माणसाच्या घशातच थांबतो. खोकताना रुमाल आणि हात धुणं एवढं पुरे.

एक्स-रे पुन्हा कधी काढायचा?

प्रत्येकाला काढायची गरज नसते. माणूस सावरत असेल तर आठव्या दिवशी काढू नका. पॅच तसाच दिसेल आणि सगळे उगाच घाबरतील. सावली विरायला सहा आठवडे लागतात, वृद्धांत बारासुद्धा. सिगारेट ओढणारे किंवा पूर्वी ओढलेले, पन्नाशीच्या पुढचे, आणि लक्षणं रेंगाळलेले, यांनी मात्र सहा ते आठ आठवड्यांनी जरूर काढावा. त्या पॅचमागे एखादी गाठ लपलेली नाही ना, ते तेव्हाच दिसतं. ठरलेली तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवा, कारण तोवर रुग्ण हिंडूफिरू लागलेला असतो आणि 'आता कशाला' म्हणतो.